यमुना सिस्टरची बदली

"हॅलो?… हॅलो, हाव, दवाखाना, पांढुर्णा… डॉक्टरसाहेब नाहीत, शिबिरात गेले… कोण?… जोरानं बोला, खरखर होऊन राहिली… कोण इंदू?… अवं इंदू! जय भीम, जय भीम! ट्रंक कॉल कसा काय वं? घरचे सगळे बरे आहेत ना?"

यमुना सिस्टरने रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. शहाऐंशी साल होतं ते, आणि ट्रंक कॉल म्हटलं की माणूस आधी वाईट बातमीच धरून चालायचा. फोन डॉक्टरांच्या खोलीत होता. खोली रिकामी, खुर्चीही रिकामी, तरी सिस्टर उभीच होती. त्या खुर्चीवर सिस्टर लोक बसत नसतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते आपोआप कळतं.

"हाव… हाव… तू सौसरहूनच बोलून राहिली ना?… छिंदवाड्याहून?… साहेबाच्या ऑफिसातून! तू काहून गेली तिथं? आज तुही ड्युटी नाही का?… बरं, ते मंग सांगजो. काम काय ते सांग पहिले… माह्याबद्दल?… माह्याबद्दल काय?"

"थांबलं म्हणजे?… काय थांबलं?… माझं रिलीव्हिंग? इथून सोडायचं? अवं, काहीतरीच बोलून राहिली. मागच्या हप्त्यात ऑर्डर आली. साहेबाची सही, शिक्का, सगळं माह्या डोळ्यानं पाहिलं… कोण म्हणे?… साहेबच म्हणे?… तोंडी?… तुह्यासमोर?"

जिल्ह्यातून दरसाल एकच सिस्टर इंदूरला बी.एस्सी. नर्सिंगला पाठवायची, असा छिंदवाड्याच्या त्या जिल्हा आरोग्य ऑफिसचा शिरस्ता. बाकीच्यांनी वाट पाहायची. यमुनाने सहा वर्षं वाट पाहिली होती. कधी ना-हरकत मिळाली नाही, कधी जागेवर दुसरी सिस्टर मिळाली नाही, एकदा तर तिचं बाळंतपण आडवं आलं. यंदा कुठे तिचं नाव लागलं होतं आणि तिच्या खाली सौसरच्या दवाखान्यातल्या इंदू सिस्टरचं. शनिवारी कॉलेजात हजर व्हायचं, नाही तर जागा खालच्या नावाला. पुढच्या साली यमुनाचं वयच बसत नव्हतं. म्हणजे हे हुकलं की जन्माचं हुकलं, आणि आज गुरुवार उजाडून दुपार झाली होती.

"अवं, ऐक ना… ऐक तर खरी… पण कारण काय सांगितलं साहेबानं?… नाही सांगत? नाही सांगत म्हणजे तुले माहीत नाही, का तू सांगून नाही राहिली?… तसं नाही वं. फक्त विचारून राहिली मी."

"मले माहीत आहे हे कोणाचं काम… दुसरं कोण असन? आमचे डॉक्टरसाहेब… नाही कसे! मले म्हणे, 'सिस्टर, सुई टोचायले बी.एस्सी. कशाले लागते?'… हसत हसत म्हणे ना, तेच तर सांगून राहिली. माणूस हसत म्हणते तेच त्याच्या मनातलं असते… आन् वरून म्हणे, गोटमार होऊ द्या, मंग जा. आता तूच सांग, कॉलेज काय गोटमारीसाठी थांबते?"

डॉक्टरांचंही अगदीच खोटं नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात, दगड चालतात. तो त्यांचा परंपरेचा सण. दगड एकदा चालले की दवाखान्यात फुटक्या डोक्यांची रांग लागते, आणि टाके घालायला यमुना सिस्टरसारखा हात नाही असं दोन्ही काठांचं मत होतं. पोळा पुढच्याच हप्त्यात होता. पण मत चांगलं असलं म्हणून माणसाने जन्मभर डोकीच शिवत बसावं का?

"काय?… डॉक्टरनं नाही? कशावरून?… साहेबाले फोन केला त्याईनं? कवा?… काय म्हणे?… 'सिस्टरले सोडून राहिलो, जागेवर दुसरी पाठवा'… असं म्हणे?… आमचा डॉक्टर?… तू ऐकलं का कोणी सांगितलं तुले?… साहेबाच्या बाबूनं. बाबू खरं बोलते का पण?… हाव, हाव. त्याले खोटं बोलून काय भेटन. बरं."

"कोण?… इंदू, तू बोलली का?… कोण आहे मधात?… गुणवंताभाऊ! तीन मिनिटं झाले?… वाढवा, वाढवा… तुमी ऐकून तर नाही राहिले ना?… नाही? मंग आता खोकलं कोण?… बरं, बरं. एक्सचेंजमध्ये थंडी असते, मले माहीत आहे. तुमी फक्त लाइन तोडू नका."

एक्सचेंजवाल्या गुणवंताच्या दोन्ही पोरी यमुनाच्याच हातच्या. तेवढ्या भांडवलावर तिला कधीकधी तीन मिनिटांची पाच मिनिटं मिळत. त्याचा खोकलाही साऱ्या गावाला ठाऊक होता. फोनवर काही ऐकण्यासारखं चाललं की तो हमखास यायचा.

"हाव इंदू, बोल… मंग एकच माणूस उरला. कोणाले सांगू नको… आमचे मास्तर… अवं उत्तम मास्तर! माह्या घरी दुसरा कोणता मास्तर आहे?… नाही, भांडण नाही. भांडले असते तर बरं होतं. मी म्हटलं, दोन वर्षं इंदूरले राहा लागते, पोरगी तुमच्यापाशी, सैपाक तुमच्यापाशी. तर म्हणे 'जा'. एका शब्दात! चहा पिता पिता! कोणता नवरा असं एका शब्दात हो म्हणते? सांग ना… तुहा म्हणन का?… पाह्य, नाही ना."

"आन् मंगळवारी छिंदवाड्याले गेले. शाळेचं काम आहे म्हणे. मास्तरचं शाळेचं काम शाळेत असते, छिंदवाड्याले काय असते?… वापस आले तर माह्या डोळ्याले डोळा नाही देऊन राहिले… काय?… तुले दिसले? कुठी?… सौसरच्या बजारात?… काय घेऊन राहिले होते?… काय म्हटलं?… होल्डॉल? प्रवासात बिछाना बांधायचा?"

"…होल्डॉल कोणासाठी?"

सकाळी कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट यमुनाला दिसलं होतं. हे काय म्हणून तिने विचारलंही नव्हतं. उलट मनातल्या मनात त्याचीही भर नवऱ्याच्या गुन्ह्यांत घातली होती. तिला आता असं वाटलं की जमीन दुभंगावी; पण दवाखान्याची फरशी पक्की होती.

"…आहे, आहे मी… तुले बोलले ते?… 'तिले सांगू नका, जातेवेळी देईन'… हाव. तसेच आहेत ते. बोलत काहीच नाही, मंग माणसाले शक येईन नाही तर काय होईन… नाही वं, मी रडून नाही राहिली. सर्दी आहे."

तिने पदराने नाक पुसलं. आणि पुसता पुसताच तिच्या डोक्यातला किडा पुन्हा वळवळला. डॉक्टर नाही, मास्तर नाही. मग उरतं कोण? जाण्याची गोष्ट तिने तिघांनाच सांगितली होती. बाहेर ब्र काढला नव्हता. चांगलं होणार असलं की आधी बोलू नये, कोणाची तरी नजर लागते, कोणी तरी पाय ओढतं, असं तिचं पक्कं मत. लहानपणापासून तिने तेच पाहिलं होतं. तिचा बाप दुसऱ्याच्या बगीच्यात संत्र्याच्या पेट्या ठोकायचा; पोरगी नर्सिंगला चालली असं त्याने हौसेने चारचौघांत सांगितलं, तर मालकाने तिसऱ्या दिवशी कामावरून काढलं होतं.

"इंदू… एक विचारू का?… तू छिंदवाड्याले काय करून राहिली, ते नाही सांगितलं तू अजून… साहेबानं बोलावलं?… काहून बोलावलं?… बोल ना, आता काहून अडखळून राहिली… माह्या जागेवर?… म्हणजे तू जाऊन राहिली इंदूरले."

"नाही, मी कुठी काय म्हटलं? मी काहीच नाही म्हटलं… मी फक्त म्हटलं, खालचं नाव तुहं आहे… अवं, तीन वर्षं ट्रेनिंगमध्ये एका खोलीत राहिलो आपण. एका ताटात जेवलो. तुले ताप होता तर तुही नाइट ड्युटी मी केली… ऐकून घे! मी तिघाईले सांगितलं होतं. डॉक्टर, मास्तर आन् तू. दोघं निघाले साधे. आता तूच हिशोब कर… नाही, बोलू दे मले… मले वाटलं नव्हतं इंदू. सारं जग करन, पण तू…"

यमुना थांबली, कारण पलीकडचा आवाज आता अडखळत नव्हता, चांगला चढला होता. रिसीव्हर कानापासून वीतभर दूर धरूनही ऐकू येत होता. इंदूला चढायला वेळ लागायचा, पण एकदा चढली की उतरवणं कठीण.

"हाव… हाव… ऐकून राहिली… नाही म्हटलं? साहेबाले तू नाही म्हटलं?… सकाळपासून बसली आहे तिथं?… जेवली पण नाही?… अवं, ओरडू नको, ऑफिसात आहे तू!… हाव. तुले बी पाहिजे, काहून नाही पाहिजे. तू बी सासूचे बोलणे ऐकून ऐकून इथपावेतो आली… पण माझी जागा हिसकून नको म्हणते… हाव इंदू… हाव… चुकलं माझं. चुकलं म्हटलं ना… आणखी किती वेळा म्हणू?… बरं, आणखी एकदा. चुकलं."

"पण मंग थांबवलं कोणी?… साहेबानं सांगितलं? आता सांगितलं?… जनतेची मागणी?… कोणती जनता?… ट्रॅक्टर? कोणता ट्रॅक्टर?… बायाची ट्रॉली?… सोमवारी?… कुठल्या बाया?… आमच्या इकडच्या?… सावरगावच्या! काय म्हणे त्या?… साहेबाच्या पायऱ्यांवर बसल्या… उठतच नव्हत्या… 'आमच्या बाईची बदली रद्द करा'… कोणत्या बाईची?… माझी? अवं, पण माझी बदली कुठी आहे?"

"म्होरकी कोण होती?… म्हातारी… उंच, काळी… कपाळावर गोंदलेलं… हातात काय?… डबा? कसा डबा?… अल्युमिनियमचा?… कडीवाला?"

तो डबा तिनेच दिला होता. सरकारचं दाई-ट्रेनिंग निघालं तेव्हा गावोगावच्या सुइणींना यमुनाने शिकवलं आणि शेवटी प्रत्येकीला असा डबा दिला. आत कात्री, दोरा, साबण. बाकीच्या बायांनी डब्यात पुढे हळद-तिखट भरलं. पंचफुला दाई मात्र तो लग्नाला जातानाही सोबत नेई. दवाखान्यातल्या सिस्टरला अडल्या वेळी पहिली हाक तिची, आणि अडलेल्या बाळंतिणीच्या उशाशी यमुनाच्या समोर बसणारी तीच.

त्या मुलखात चांगल्या मास्तरची किंवा चांगल्या सिस्टरची बदली झाली की लोक ट्रॉली भरून जिल्ह्याला जातात, साहेबाच्या दारात ठिय्या देतात आणि बदली रद्द करूनच उठतात. हा मोठा मान समजला जातो. ज्याच्यासाठी ट्रॉली गेली नाही त्याची नोकरी ती काय नोकरी! आणि पंचफुलाला तर घाई करायला कारणही होतं. यमुनाच्या आधीची सिस्टर बदलून गेली, तिची जागा कितीतरी दिवस रिकामी राहिली, आणि त्याच दिवसांत पंचफुलाची सून बाळंतपणात गेली. म्हातारीच्या स्वतःच्या हातात गेली.

"समजलं मले इंदू… अवं, पेटी! माझी पेटी… लोखंडी नाही का, ट्रेनिंगमधली… कडी तुटली होती तिची. सावरगावच्या लोहाराकडे दिली होती बसवायले… पंचफुला मावशीनं पाहिली असन तिथं. सिस्टरची पेटी बाहेर निघाली म्हणजे बदली, दुसरं काय समजन ते?… काहून नाही सांगितलं म्हणजे? तुले नाही माहीत माहा स्वभाव?… मी चोरून जाऊन राहिली होती वं. कोणी पाय ओढू नये म्हणून… हाव. मीच. दुसरं कोणी नाही."

"थांब… थांब इंदू, फोन ठेवू नको. बाहेर डफडं वाजून राहिलं… नाही, पोळा पुढच्या हप्त्यात आहे… दवाखान्यात कोण वाजवते, पाहते… अवं माय. त्याच आहेत वं. सारी ट्रॉली आली."

व्हरांड्यात चपला वाजल्या, दारात गर्दी झाली. सगळ्यांत पुढे पंचफुला. एका काखेत तो डबा, दुसऱ्या हातावर नवं कोरं हिरवं लुगडं, वर नारळ. तिच्या मागे बाया हसत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. कोणाच्या कडेवर यमुनाच्याच हातचं पोर होतं, कोणाच्या पोटात पुढचं. यमुनाने रिसीव्हर छातीशी धरला.

"या मावशी… हे काय?… लुगडं? मले कशाले?… बदली थांबवली म्हणून?… हाव, मले आताच समजलं… मावशी, डफडं बंद करायले सांगा पहिले… बसा म्हणजे, बसू नका… मावशी, माझी बदली नव्हती. मी शिकायले जाऊन राहिली होती… इंदूरले… दोन वर्षं… शनिवारी नाही पोचली तर पुन्हा कधीच नाही जाता येत… नाही, हे शिक्षण झालं ते लहान होतं. हे मोठं आहे, युनिव्हर्सिटीचं… हाव मावशी. तुमी थांबवलं ते तेच."

डफडं थांबलं. मागची एक बाई अजून हसत होती, तिला कोणी तरी कोपर मारलं. पंचफुला यमुनाच्या तोंडाकडे पाहत राहिली. पोट तपासताना ती अशीच बाईच्या तोंडाकडे पाहायची. बाई काय सांगते त्यावर तिचा कधी भरवसा नसे.

"इंदू, आहे का?… काय म्हणे साहेब?… त्याच बायाईनं म्हटलं तर सोडतो?… साऱ्याईसमोर शब्द दिला होता म्हणे, आता आपल्या मनानं कसा फिरवू… हाव, तेही खरं… जीप लागली? कुठी चालला?… दौऱ्यावर! मंग थांबव ना त्याले… कशी म्हणजे? जीपसमोर उभी राह्य!… पाच मिनिटं, इंदू. सकाळपासून बसली, आता पाच मिनिटं उभी राह्य."

"मावशी, साहेब फोनवर येऊन राहिला. तुमी एक वार त्याले सांगून द्या, बाईले जाऊ द्या म्हणून… काय?… काय विचारता?"

"…इंदू, मावशी विचारून राहिली, शिकून वापस येशील का… हो म्हण म्हणते तू?… हो म्हणायले काय जाते?… हाव. हो म्हणायले काही नाही जात."

बी.एस्सी. झालेल्या सिस्टरला या दवाखान्यात जागाच नव्हती. तिची जागा भोपाळला, जबलपूरला, जिथे सिस्टर तयार करतात तिथे; मास्तरीण म्हणून. यमुनाने ते सगळं मनाशी ठरवून ठेवलं होतं. मास्तरांशीही बोलली नव्हती, पण पोरीची शाळा कुठली, हेसुद्धा तिने ठरवलं होतं. एक 'हो' म्हटलं की गाडी मिळत होती. तिला पंचफुलाचा भयंकर राग आला, आणि रागाखाली तिच्यावरची माया होती ती राग येऊ देईना.

"नाही मावशी… वापस नाही येणार मी… थांब इंदू, मधात बोलू नको… खरं सांगून राहिली मावशी. शिकून मले मोठ्या शहरात मास्तरकी भेटन. नव्या सिस्टर तयार करीन मी… पोरी… सालाच्या वीस-पंचवीस… हाव, माह्या हाताखाली… काय?… त्यातली एक?… इथं?… मावशी, मी कोण पाठवणारी, ते तर सरकार पाठवते… हाव… हाव, ऐकून राहिली… बरं. सरकारनं नाही पाठवली तर मले निरोप द्या. तुमी ट्रॉली घेऊन या, मी तिकडून येते. तुमच्यासंग त्या पायऱ्यांवर बसते. तोंड झाकून नाही, पुढं बसते… हाव, पोरीची शपथ."

मग यमुना लुगड्याकडे पाहून बोलली, कारण माणसांकडे पाहणं जमत नव्हतं.

"लुगडं वापस न्या मावशी. कोणत्या तोंडानं घेऊ मी… काय म्हणता?… लेक राहते तवाही लुगडं, लेक जाते तवाही लुगडंच?… मावशी…"

"हॅलो?… हाव इंदू… साहेब आला? दे… नमस्ते साब… जी… जी साब, वही अम्मा है, सामने है… एक मिनिट… मावशी, या. इकडं या… इथं बसा. या खुर्चीवर… काही नाही होत, बसा. हे कानाले, हे तोंडापाशी… उलटं नाही, असं… बोला."

पंचफुलाने डबा मांडीवर ठेवला, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, साहेब समोर उभा असावा तसा. डॉक्टरांच्या खुर्चीत ती अशी ताठ बसली की बाया दोन पावलं मागे सरकल्या.

"हालो?… हालो, साहेब?… आयकू येते का?… मी पंचफुला. सावरगावची… हाव, तेच, डबेवाली. सोमवारी आलतो पायऱ्याईवर… साहेब, तुमी गरिबाचं आयकलं, लय मोठं काम केलं… पन आमचं चुकलं. बाई बदलून नाई जाऊन राहिली, शिकाले जाऊन राहिली. तिले जाऊ द्या… हाव, पक्कं… नाई, वापस नाई येनार. मी इचारलं ना, तोंडावर नाई म्हनली… हाव, तरी जाऊ द्या. हो म्हनली असती तर मी ट्रॉली आखीन आनली असती… आता तुमी तिच्या जागेवर लवकर दुसरी पाठवा. उशीर नका करू, साहेब. मागच्या खेपेले उशीर झालता तर माही सून गेली… बस. माहं झालं बोलनं."

आणि तिने फोन ठेवून दिला.

यमुनाच्या तोंडून किंकाळीच निघायची राहिली. साहेब काय म्हणाला, हो म्हणाला की नाही म्हणाला, काही कळायचा मार्ग नव्हता. पंचफुलाला त्यात काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. आपलं सांगून झालं की माणूस उठतो, तशी ती खुर्चीवरून उठली आणि लुगडं यमुनाच्या हातात देऊन डब्याची कडी नीट लावू लागली. इतक्यात फोन वाजला, तो यमुनाने पहिल्या घंटीलाच उचलला.

"हॅलो? हॅलो, इंदू?… कोण?… गुणवंताभाऊ! इंदू कुठी आहे?… नाही, मावशीनं ठेवला… जोडा ना पुन्हा, जोडा… जीप निघाली?… मंग साहेब काय म्हणाला, आता कसं समजन… तुमी ऐकलं?… तुमी तर ऐकत नसता ना भाऊ!… बरं बरं, नाही म्हणत काही, आज नाही म्हणत. सांगा… 'अम्मा ने कह दिया तो'… हाव… 'तो छोड दो, आज ही'… असंच म्हणाला? तुमी सोता ऐकलं?… पक्कं?… शपथ घ्या… पोरीईची घ्या, माह्या हातच्या आहेत दोघी… हाव भाऊ. हाव… तुमी काहून रडून राहिले?… हाव. थंडीच असन."

यमुनाने फोन ठेवला आणि डॉक्टरांच्या खुर्चीवर मटकन बसली. लुगडं मांडीवर होतं. विचारायची दारातल्या एकीचीही छाती होत नव्हती. पंचफुला पाठ फिरवून अजूनही त्या डब्याच्या कडीशीच खटपट करत होती, आणि कडी काही लागत नव्हती.

"मावशी… इकडं पाहा ना… डफडं काहून थांबवलं? वाजवायले सांगा."